आधी कंदील, मग माणूस

मंडळी, जरा जवळ सरकून बसा. मी नेसरीचा शिवाप्पा, साबण करणारा माणूस. भाषणाची सवय न्हाय, आन् आज तर कासिमभाईच्या शोकसभेत बोलायचं हाय. पर बोलतो. बोलायलाच पायजे.

आपलं हे रसायन कारागिरांचं मंडळ भाईनंच उभं केलं. सोता रंगारी. पर कातडी कमवणारे, तेली, साबणवाले, समद्यांना एका जाजमावर बसवलं. पयल्या दिवशी कातडीवाल्यांशेजारी बसायला कुणीतरी नाक मुरडलं. भाई म्हणाला, "महाराजांच्या कोल्हापुरात असलं चालायचं न्हाय. वास समद्यांच्याच हाताला येतोय की! बसा." बसलो.

लोक इचारायची, मंडळ कशाला? भाई म्हणायचा, हौद एकाचा असंल, धोका समद्यांचा हाय. म्हणून त्यानं नेम घातला. कातड्याच्या रिकाम्या हौदात आधी पेटता कंदील सोडायचा. विझला तर माणूस उतरवायचा न्हाय. आमी हसलो. "भाई, आमचं नाक हाय की!" तो म्हणाला, "खालच्या कोंडलेल्या हवेला वासच न्हाय. नाकाला कळायच्या आत माणूस जातोय."

परवा तेच झालं. हौदाच्या मालकाला घाई. कंदील न सोडताच त्यानं आपल्या मंडळाच्या रामाला साफसफाईला उतरवलं. रामा खाली कोसळला. भाई धावत आला, तसाच आत उतरला, रामाला वर लोटलं. सोता वर आला न्हाय.

रामा हितंच बसलाय. रामा, मान वर कर. तुझा गुन्हा न्हाय.

आता मालक म्हणतोय, कासिमनंच नेम मोडला, मग असल्या नेमाचा उपेग काय? व्हय, मोडला. जीव वाचवायला मोडला. पर त्याच्या आधी कुणी मोडला? सांगा की! रामाला कंदिलाशिवाय उतरवणाऱ्यानं मोडला.

म्हणून आज रडून घरला जायचं न्हाय. उद्यापासनं कंदिलाशिवाय मंडळाचा एकबी माणूस हौदात उतरणार न्हाय. मालक कुणीबी असू दे. कामावरनं काढलं, तर त्याच्या घरची चूल मंडळ पेटती ठेवंल. कबूल असंल त्यांनी हात वर करा.

बघ भाई, समदे हात वर हायत.

रामा, ऊठ. हा भाईचा कंदील. तूच लाव. उद्या त्या हौदात तूच सोडायचा.

मंडळी, उभं ऱ्हावा. ज्योतीकडं बघून भाईला सलाम करूया.

भाई, सलाम. आता कुणी हसणार न्हाय.