तिसऱ्यांचं शेत

—नाही, तिथून उतरू नका. किनारा नव्हे तो, शेत आहे. हसताय काय? नुसती वाळू दिसते म्हणून ती ओसाड ठरत नाही. मार्चमध्ये आम्ही बायकांनी कंबर मोडेतो वाकून तिथं तिसऱ्यांचं, म्हणजे खायच्या शिंपल्यांचं, बी पेरलंय, नखाएवढं — आणि त्यावर तुम्ही पंचा अंथरून पडणार, शेगडीवरच्या तारल्यांसारखे. काय म्हणालात? शांतता हवी? ती सगळ्यांनाच हवी असते, आणि येताना प्रत्येकजण एक गाणारं यंत्र घेऊन येतो. दक्षिणेला जायचं ना — तिकडं छत्र्या आहेत, खुर्च्या आहेत, तुमच्यासारखीच माणसं आहेत. इथं स्पेनच्या उत्तर टोकाला, गलिसियात कशाला? तर म्हणे, कुणालाच ठाऊक नसलेला किनारा. कुणालाच म्हणजे? मला ठाऊक आहे, माझ्या शेजारणीला, त्या कार्मेला, ठाऊक आहे, ज्यांचे गुडघे इथं झिजले त्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे — आम्ही बहुधा ‘कुणी’ नव्हे.

आमचंही डोकं बघा. तुमची ब्याद टळावी म्हणून रस्त्यावरचा नावाचा फलक आम्हीच उपटला. कार्मेच्या खुराड्याला त्याचं दार झालं. परिणाम काय? नाव नसलेला किनारा, म्हणून दुप्पट लोक धुंडत येऊ लागले.

सगळं सोडून घरी बसले असते मी. पण तिसऱ्या काढणाऱ्या बायकांच्या संघातली माझी जागा उशियासाठी राखायची आहे — माझी मुलगी, झुरिकला परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालते. मी दाताळं खाली ठेवलं की जागा बाहेरच्या बाईला जाणार. म्हणून ठेवत नाही. ईस्टरला आली होती. सकाळभर माडीच्या खिडकीत उभी — मी म्हटलं, समुद्र ओढतोय हिला. येईल परत.

तुम्हाला पत्ता दिला कुणी? बघू तो फोन. उन्हातून बाजूला धरा. हं — फोटो चांगला आहे. ही कठड्यावरची निळी बादली तर माझी. आणि ही खिडकीची चौकट... हा वरून काढलाय. आमच्या माडीवरून.

खाली काय लिहिलंय? तुम्हीच वाचा, चष्मा घरी राहिलाय. निर्मनुष्य किनारा — बरं, पुढं. समुद्राकडे तोंड असलेलं दगडी घर, भाड्यानं, जुलैपासून रिकामं.

रिकामं? नीट वाचा. तसंच लिहिलंय?

जुलै म्हणजे पुढचाच महिना.

आणि तुम्ही ते बघायला आलात. नाही, उशियाचं चुकलं नसेल, ती शब्द तोलून वापरते — लहानपणापासून. चुकलं नसेल.

घ्या तुमचा फोन. किल्ली? किल्ली कुणाकडेच नाही. त्या घराला कुलूप कधी लागलंच नाही. आत माणूस असतं. आता वाटेतून सरा, ओहोटी लागलीय, आणि मला कामाला उतरायचंय.