भिंत तुझी, तू ठरव

...आणि वर आमचे हे मलाच विचारतात, "मेघना, भिंत तुझी होती, तू लक्ष नको ठेवायला?" ऐका! अहो, भिंतीवर काय लक्ष ठेवायचं असतं? दूध आहे का ते, उतू जायला? आणि दुधावर तरी लक्ष ठेवून ते कधी थांबलंय?

नाही, तुम्हाला पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल, बाई उगाच एका भिंतीपायी गळा काढते.

आम्ही लालबागचे. चाळ पडली, टॉवर झाला, मधली वर्षं भाड्याच्या खोल्यांतून काढली आणि आता वर, पार ढगात, स्वतःचा हॉल, बेडरूम, किचन. चावी मिळाली त्या दिवशी सगळे खिडकीकडे धावले, शिवडीची खाडी दिसते का बघायला, आणि मी आपली हॉलमध्ये एका भिंतीसमोर उभी. का सांगू? लग्न होऊन आल्यापासून मी भिंत बघितलीच नव्हती हो! चाळीतल्या खोलीला भिंती होत्या, पण दिसायच्या कुठे? एकीला मांडणी, एकीला देव, एकीला कपाट, कपाटावर बॅगा, बॅगांवर गाद्या... आणि चौथीचं प्लास्टर पडून आतल्या विटा दिसायच्या, म्हणून सासऱ्यांनी तिच्यावर कॅलेंडर लावलेलं. दरवर्षी भोक मोठं व्हायचं, मग आम्ही दरवर्षी आणखी मोठं कॅलेंडर कुठूनतरी मागून आणायचो!

आणि ही भिंत... कोरी. दारातून आलं की समोर. तर माझी सून नूपुर, मुलगी चांगली आहे हं, पण मोबाइलमध्ये घरं बघत असते, ती म्हणाली, "आई, इथे अ‍ॅक्सेंट वॉल करू या." म्हटलं, ते काय असतं गं? तर म्हणे तीन भिंती साध्या ठेवायच्या आणि चौथी नटवायची. म्हटलं, म्हणजे लग्नातली करवली! "तसंच समजा. आणि भिंत तुमची. तुम्ही ठरवा." माझा मुलगा निलेशही म्हणाला, "हो मम्मी, भिंत तुझी, तू ठरव." आमचे हे, पेपरातून डोकं न काढता, "भिंत तुझी. तू ठरव."

मला काय झालं सांगू? डोळ्यांत पाणीच आलं. आजवर मी काय ठरवलं होतं? भाजी. तीसुद्धा बाजारात काय स्वस्त आहे ते बघून.

आणि मी ठरवलं ना! म्हटलं, फिकट गुलाबी. माझं माहेर शिवडीचं, वडील गोदीत. माझं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात ते मला धक्क्यावर घेऊन गेले. समोर सगळा चिखल, आणि त्या चिखलात हे एवढे फ्लेमिंगो, गुलाबी गुलाबी, लांबपर्यंत. वडील नुसते माझ्याशेजारी उभे राहिले. तो गुलाबी हो... तो मला रोज बघायचा होता, बस्स.

"गुलाबी?" निलेश म्हणाला. "मम्मी, ब्युटी पार्लर वाटेल! विटांचा लूक करू. सगळे करतात." अरे, विटा? त्या विटा झाकता झाकता तुझे आजोबा गेले रे! "बघ बाबा, भिंत तुझी, तू ठरव."

नूपुर म्हणाली, "आई, सिमेंट लूक घ्या, एकदम रॉ." म्हणजे बघा हं, बिल्डरने सिमेंटवर रंग दिलाय, त्या रंगावर आपण सिमेंटसारखा रंग द्यायचा! मग बिल्डरने मध्ये कशाला कष्ट घेतले?

आमच्या ह्यांना टाइल्स हव्या. छतापर्यंत! "फडकं मारलं की झालं." अहो, हॉल आहे तो, मासळीबाजार आहे का, संध्याकाळी पाइप लावून धुवायला? "मग राहिलं. भिंत तुझी, तू ठरव."

आणि सासूबाई. गंगुबाई म्हटलं की अख्ख्या चाळीत नळावर रांग सरळ व्हायची, त्या माझ्या सासूबाई. त्या कॉटवरून म्हणाल्या, "आणि फोटो खय लावतलंस? ही भिंत दक्षिणेची. गेलेल्यांचे फोटो हयच लागतत." म्हणजे सासरे, आजेसासरे, चुलतसासरे दोघे, सगळे हार घालून दारातून येणाऱ्याकडे बघत बसणार! "आणि बाजूक माका पण जागा ठेव. पण भिंत तुझी गो बाय. तूच ठरव."

आता त्यांची जागा ठेवून मी काय ठरवू?

पण माझं नशीब असं की ह्या चौघांचं आपापसात काही जमेना. विटांना सिमेंट नको, सिमेंटला टाइल्स नको, टाइल्सना खिळे नको. ते भांडत असतानाच वॉलपेपरवाला हितेंद्र आला, त्याने पुस्तक उघडलं, पानं उलटता उलटता... फ्लेमिंगो! फिकट गुलाबी, चिखलात पाय, माना खाली. हितेंद्र म्हणाला, "फायनल कौन करेगा?" आणि तुम्हाला सांगते, माझ्या तोंडून आवाज आला, "मी. हाच." सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले! मीसुद्धा दचकले, हे कोण बोललं?

लावला त्याने. काय सुंदर दिसत होता! जाताना बजावून गेला, "मॅडम, पाणी नाही, ओला कपडा नाही, खिळा नाही. हात पण नका लावू." मी सगळ्यांना पढवलं. ह्यांना टेकून मोजे घालायची सवय, ती मोडली. पंखासुद्धा मी एकवरच ठेवला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून बाहेर येते तर काय! सगळं घर भिंतीसमोर हात जोडून उभं. फ्लेमिंगोंच्या मधोमध ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, खाली हळदीची पाच बोटं, आणि सासूबाईंच्या हातात नारळ! मी ओरडले, "आई, हात लावायचा नव्हता!" तर म्हणतात कशा, "हात खय लावलंय? बोट लावलंय. फ्रिज इलो तेव्हा फ्रिजाक कुंकू लावलंव, गॅसाक लावलंव, मगे ह्या भिंतीन काय पाप केल्यान?"

आणि लगेच गाऱ्हाणं सुरू! आता आम्ही मालवणी माणसं, गाऱ्हाणं सुरू झालं की मध्ये बोलायचं नसतं. देवाशी बोलणं चाललेलं असतं ना ते! आपण फक्त साथ द्यायची.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या लेकरांनी जी काय ही भिंत सजवल्यानी..."

"व्हय म्हाराजा!"

"तिका कोणाची वायट नजर लागा नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि माझ्या डोळ्यांदेखत ते कुंकू ओघळतंय, एका फ्लेमिंगोच्या मानेवरून पाठीवर, पाठीवरून पायावर... आणि मी काय करत होते सांगू? मीपण म्हणत होते, व्हय म्हाराजा! सगळ्यांपेक्षा मोठ्याने! कारण गाऱ्हाण्यात "नाही म्हाराजा" असं उत्तरच नसतं हो!

मग थाड! नारळ फुटला. तोही भिंतीच्या पायाशी. पाणी उडालं ते थेट वर. दुपारपर्यंत वॉलपेपर तव्यावरच्या पोळीसारखा टम्म फुगला. हितेंद्रला फोन केला, तर तो म्हणाला, "नारियल? दीवार पे?... मॅडम, वो डिझाइन तो बंद हो गया."

आता माझ्याकडे बघायला कोणी तयार नाही. नूपुर म्हणाली, फ्रेम लावू. निलेश म्हणाला, सोफा सरकवू. सासूबाईंचं आपलं वेगळंच, "बघा, नजर लागलीच होती, म्हणान फुगलो. बरा झाला मी गाऱ्हाणा घातलंय." आणि आमचे हे उठले, हातोडी आणली, ठक ठक ठक, खिळा मारला आणि लावलं... काय लावलं असेल? कॅलेंडर! पतपेढीचं. मोठं.

म्हणजे मी चाळीतून निघून, इतकी वर्षं फिरून, लिफ्टने एवढी वर चढून, पुन्हा त्याच कॅलेंडरसमोर!

मग काय, एक खिळा मारलाच आहे म्हटल्यावर सासरे आले. त्यांच्या शेजारी आजेसासरे. दोघे चुलतसासरे. मग घड्याळ. मग ह्यांची छत्री. परवा समोरच्या दारातली नॉर्मा आली, "काय गो मेघना, तुझी ती पिंक वॉल दाखव ना." म्हटलं, ही काय. "कुठे?" मी बोट दाखवलं. दोन चुलतसासऱ्यांच्या मधून एक पाय दिसतो. गुलाबी. ती बिचारी चांगली, म्हणाली, "नाइस लेग."

आता महिना संपला की कॅलेंडरचं पान उलटायला मीच जाते. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. पान उलटताना ते जरासं वर उचललं की आत एक फ्लेमिंगो आहे, कुंकवाने लालभडक झालेला. त्याच्याकडे बघते. मग पान सोडते.

मघाशी तशीच उभी होते, तर सासूबाई कॉटवरून म्हणाल्या, "भिंत कशी भरल्यासारी दिसता, नाय? तुझ्या मनासारी झाली मा गो?"

आता ह्याला काय उत्तर असतं, तुम्हीच सांगा...

म्हटलं, व्हय म्हाराजा.