म्हणे, गायच भाकड!

...नाही, मला एक सांगा, चार दिवस डोळ्याला डोळा लागला नाही तो काय उगीच? शेजारीण म्हणाली, लेकीला दात येत असतील. अहो, लेक साडेपाच वर्षांची, तिचे दात आता पडायला आले! मी जागी होते ती गोठ्यातल्या तांबू गायीसाठी. सोमवारी व्यापारी येणार होता तिला न्यायला. का? तर चार वेळा कृत्रिम रेतन केलं आणि चारही वेळा उलटली, गाभण राहत नाही. म्हणजे भाकड! दोष कुणाचा? गायीचा!

आता मागचं ऐका. तांबू व्याली, वासरू झकास, पण वासरामागून पडायची ती वार पडेना. दुपार झाली, संध्याकाळ झाली, वार आपली अर्धी बाहेर लोंबतेय. मी म्हटलं, गुरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन करू का? सासरे म्हणाले, "चाळीस वर्षं गुरं सांभाळतोय मी! वार काढायला डॉक्टर?" आणि बाह्या सावरून घातला की हात! शेण काढलेला हात हो, तसाच! ओढली... निम्मी हातात, निम्मी आत. "झालं!" म्हणाले. झालं कसलं? सुरू झालं!

आणि मी? मी विज्ञानाची पदवीधर. जंतूंच्या आकृत्या काढून पैकीच्या पैकी मार्क मिळवलेली बाई. जंतू डोळ्यांदेखत आत चालले होते आणि मी काय केलं? कंदील जरा वर धरला. त्यांना नीट दिसावं म्हणून!

मग तांबूला ताप आला, वैरणीला तोंड लावेना, शेपटीखाली असा वास की मांजरसुद्धा वळसा घालून जायचं. सासूबाई म्हणाल्या, "अंगात उष्णता आहे." हे म्हणाले, "पेंड बदलू." बदलली! माजावर आली की काचेसारखा स्वच्छ स्राव पडायला हवा ना? हिचा गढूळ, त्यात पांढऱ्या गुठळ्या. मी रेतनवाल्याला दाखवलं. तो फटफटीवरून न उतरताच, "वहिनी, या वेळी वळूच असला दिलाय, नापास व्हायची सोय नाही!" एकवीस दिवसांनी तांबू पुन्हा माजावर, पुन्हा हंबरतेय. दुसरा वळू, तिसरा वळू, चौथा... चार वळू बदलले, पण आत पाहिलं कुणी? आणि दोष कुणाचा? गायीचा!

मला, खरं सांगते, ते जास्तच लागत होतं. दुसरं न झालेली घरात एकटी तांबूच थोडीच होती? सासूबाई तांबूकडे बघून सुस्कारा सोडायच्या आणि संपवायच्या माझ्याकडे बघून.

शेवटी रविवारी सकाळी मी न विचारता फोन केला. डॉक्टरीणबाई आल्या, खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, तपासलं. बाहेर आला तो पू. म्हणाल्या, "पिशवीत जंतुसंसर्ग आहे. अशात गर्भ टिकेल कसा? औषध सोडू, माज आला तरी मी सांगेपर्यंत रेतन नको. बरी व्हायची शक्यता चांगली आहे. वार अडकली होती का? कुणी ओढली?"

सासरे छपराचे पत्रे मोजताहेत. ह्यांना अचानक दाव्याची गाठ महत्त्वाची वाटली. सासूबाई म्हणाल्या, "आपोआप पडली असेल." आपोआप! मी पदर खोचला आणि बोलले! "मामंजींनी ओढली. हात न धुता. मी तिथेच होते."

सासरे माझ्याकडे बघत राहिले. इतकं बघत राहिले की मी मनातल्या मनात माहेरची बॅगसुद्धा भरली. मग फोन काढला आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "उद्या येऊ नका. आमची गाय चांगली आहे, मी पहिल्यापासून सांगत होतो!" घ्या! तरी म्हटलं, जाऊ दे, तांबू वाचली ना? आयुष्यात पहिल्यांदा छाती पुढे काढून उभी राहिले. वाटलं, लेकीनं बघावं तरी, आपली आई काय आहे ते!

लेक बघतच होती. शेणाच्या पाटीवर बसून, गालाला हात लावून. डॉक्टरीणबाईंसमोर, सासऱ्यांसमोर, सगळ्यांसमोर म्हणाली,

"आई, मग आजोबांवर तेव्हाच का नाही ओरडलीस? मी दूध सांडलं तर लगेच ओरडतेस!"