आटलेला समुद्र

"हॅलो?… हॅलो?… व्हय, डाक्टरांचंच घर. मी मल्लव्वा, सैपाकीन… मुंबईचा ट्रंककॉल? जोडा की मग, बघत काय बसलाय!"

सोलापुरातला मे महिना, दुपारचे दोन. दिवाणखान्याची दारं बंद, खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे. टेलिफोनपासून चार पावलांवर काचेचा हौद, आणि त्यातल्या पाण्याचा उजेड छतावर सावकाश हलत होता. पंधरा दिवस मल्लव्वाचं दुपारी असंच व्हायचं. हातपंखा हलवत हौदापाशी बसलं, की सगळं घर हळूच कुठंतरी निघालंय असं वाटायचं. आत्ता घंटी वाजली तेव्हाही बाई मनानं अर्धी त्या पाण्यातच होती.

"गौरव्वा? तू व्हय गं?… बोल माज्या लेकी… जेवलीस का?… बरं, न्हाय इचारत. तीनच मिनिटं हाईत, ठाव हाय… हो, हो… अगं ऐक ना, आदी माजं ऐक. तुजा पट्टेवाला आडवा झालाय."

गौरम्मा म्हणजे डॉक्टर गुरुलिंगांची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेली, ती वाढली मल्लव्वाच्या हाताखाली. आता कॉलेजच्या परीक्षेला मुंबईला गेलेली. डॉक्टरांनी हसत हसत शब्द दिला होता: हौदातला हा पट्ट्यापट्ट्यांचा समुद्राचा मासा सोलापुरात मृगापर्यंत जगवून दाखव, मग खुशाल मुंबईला आणखी चार वर्षं शीक; मेला, तर होटगीच्या स्थळाला हो म्हण. माणूस शब्दाचा पक्का, हीच तर पंचाईत!

"मेला न्हाय गं! आडवा म्हनलं मी… कल्ले हालत्यात की… पानी? गार हाय. हात घालून बघितलं, माठातल्यावानी… छ्या, बर्फ पान्यात कशाला टाकू? तू सांगितल्यागत बाटलीत घालते, बूच मारते, मग सोडते… गोनपाट बी ओलं हाय, चारी अंगानं. आन पंखा मारतीय की दिसभर पान्यावर, हात मोडला माजा… काय? पंख्यानं पानी आटतंय? आटतंय की! रोज दोन बोटं. मी भरते न्हवं परत… कशानं म्हंजे? पान्यानं. मीठ घालून."

पलीकडून एवढा मोठा आवाज आला, की तिनं रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला.

"वरडू नको!… गोडं पानी घाल म्हनलीवतीस, ठाव हाय. पर समुद्रात गोडं पानी घातल्यावर सपक न्हाय व्हनार? दहा मान्सं जास्ती आली, आमटीत तांब्याभर पानी वाढवलं, तर मीठ वाढवावं लागतंच की. तीस वरसं चूल फुकतीय मी… काय?… वाढवली न्हाय, आटली तर?… आमटी आटली तर पानीच घालायचं. मीठ कशाला, मीठ तर तितंच…"

तिनं वळून हौदाकडं पाहिलं.

"अय्यो शिवा!… मीठ तितंच ऱ्हातंय! पानी तेवढं जातंय, आन मी रोज मूठमूठ… लोनचं घातलं की गं मी त्याचं! लई चुकलं माजं… आता गोडं पानी किती घालू? सांग लवकर… चाखून बघू? मी?… गळ्यात लिंग हाय माज्या, गौरव्वा. मासा पवतोय त्यात… व्हय, तवा चाखलंवतं. समुद्राच्या पान्याचं पिंप आलं तवा नुस्तं पानी हुतं, मासा मागनं आला… चव ध्येनात हाय की. इसरीन कशी?… धर. ठेवू नको हां."

रिसीव्हर लोंबता सोडून ती हौदापाशी गेली. लिंगाची चांदीची डबी पदराआड नीट झाकली. बोट बुडवलं, जिभेला लावलं. थुंकायला तोंड वळवलं, पण थुंकली नाही. डोळे मिटून तशीच उभी राहिली. पिंप फोडलं तो दिवस तिला दिसला. पदर खोचून, कोपरापर्यंत भिजलेली गौरम्मा म्हणत होती, मल्लव्वा, बघ, समुद्र आला आपल्याकडं! आणि खरंच त्या दिवशी अंगणभर कसलासा निराळाच वास पसरला होता.

"हॅलो? हाईस न्हवं?… दीडपट हाय गं. तोंडात धरवत न्हाय… एक तांब्या काढायचा, एक गोडा घालायचा. मग घटकाभर थांबायचं. आन दर खेपेला चाखायचं?… चाखते. आंगूळ करीन मग, शिवाला काय सांगायचं ते मी सांगीन… गौरव्वा, एक बोलू?… न्हाय, आत्ताच. सकाळी आडवा बघितला न्हवं, तवा घटकाभर बरं वाटलं मला. व्हय, बरं वाटलं! होटगी काय, हाकेवर हाय. सोमवारच्या सोमवारी डोळ्याम्होरं दिसशील म्हनलं… मीठ त्यापायी न्हाय घातलं, लिंगाची शपत!… बोल की. रडतीस व्हय?… तू गेल्यावर मी कुनाला वाढू, सांग. तुजे अप्पा जेवत्यात पेपरात तोंड घालून. मीठ कमी पडलं तरी कळत न्हाय त्यांस्नी…"

मधेच तारेत कुणीतरी खेकसलं.

"अवो टेलिफोनवाले, थांबा की वाईच! लेकरू रडतंय तितं… ऐक गौरव्वा. त्यो मरत न्हाय. म्या मरू देत न्हाय. तू डोळं पूस, पेपर दे. आन मग जा. चार वरसं तर चार वरसं, जा तू, मी सांगतीय न्हवं… हॅलो?"

खरखर झाली, मग तीही थांबली.

"जा म्हनलं मी… ऐकलंस न्हवं?… गौरव्वा?"

काहीच ऐकू येईना. मल्लव्वानं रिसीव्हर जागेवर अडकवला आणि पहिला तांब्या काढायला गेली.