आखूड घडी

असं नाही, मॅडम — असं धरलंत तर त्याला पीळ पडतो, आणि बंबाच्या या पाण्याच्या नळीला, होजला, एकदा पीळ पडला की आतलं पाणी अडलंच म्हणून समजा. सपाट धरा, दोन्ही तळव्यांवर, न्हाऊ घातलेलं बाळ घेतात तसं. हां, आता कसं. मी वरून ओढेन तसतसं सोडत राहायचं, पुढं ढकलायचं नाही. वही ठेवा की तिथं पायरीवर, कुणी नेत नाही तुमची वही. आता तुम्ही म्हणालात बसून बोलू, पण गाडी अशी रिकामी उभी ठेवता येत नाही ना — इतके दिवस शेजारच्या स्टेशनचा उसना होज होता, तो सकाळीच परत नेला त्यांनी, आणि आमचा आत्ता कुठं वाळून खाली उतरलाय. घंटा काय तुमची चौकशी संपायची वाट बघत थांबत नाही. बोलतो ना मी, हात चालू ठेवून बोलतो. माझं तोंड आणि माझे हात यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असं आमची बहीण म्हणते. विचारा तुम्ही. गेल्या मंगळवारी गादीच्या दुकानाला आग लागली तेव्हा पाणी सुरू व्हायला दीड मिनिट उशीर का झाला — एवढंच ना? एवढ्यासाठी मुख्य कार्यालयातून इथवर आलात, तेही अशा उन्हात. बरं.

तर हा गाडीच्या पाठीवरचा कप्पा. होज म्हणजे काय, तर पंधरा-पंधरा मीटरचे तुकडे, टोकाला पितळी जोड, एकाला एक लावत जायचं आणि इथं मागं-पुढं, मागं-पुढं घड्या घालत भरत जायचं. ज्याला ज्याला चादरीची घडी घालता येते त्याला वाटतं हे आपल्यालाही जमेल. पण चादर काढताना चादरीचं एक टोक धरून कुणी गाडी हाकत नाही. होज भरायचा तो ठेवण्यासाठी नाही, मॅडम, काढण्यासाठी. रस्त्यावर जिथून पाणी घ्यायचं त्या नळाच्या खांबापाशी एक माणूस टोक धरून उभा राहतो, गाडी आगीकडे निघते, आणि मागून होज आपोआप रस्त्यावर पडत जातो — घडी उलगडते, पुढची उलगडते, पुढची उलगडते — नीट भरला असेल तर ऐकत राहावंसं वाटतं, धप धप धप धप. सव्वीस वर्षं भरतोय मी. या स्टेशनात दुसऱ्या कुणाला मी हात लावू देत नाही. म्हणजे लावू देतो, पण मग पुन्हा काढून भरतो. अहो, प्रशिक्षण केंद्रात होज शिकवायला माणूस हवाय ना, त्यासाठी माझं नाव वर गेलंय — तुम्हाला माहीतच असेल, फाईल तुमच्याच टेबलावर आहे म्हणे. आहे का? नाही, मी विचारत नाहीये. चौकशी संपेपर्यंत ती हलणार नाही हे मला कळतं. सहज आपलं. जरा सैल सोडा.

आता उशिराचं. मी कुणाचं नाव घेणार नाही, तो माझा स्वभाव नाही. पण गाडी कोण चालवत होतं हे तुमच्या वहीत असेलच. आमचे दाजी. दाजी म्हणजे खरोखरचे दाजी, माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान — इथं सगळं स्टेशनच त्यांना दाजी म्हणतं, मोठे साहेबसुद्धा, पण नातं लागतं ते माझं एकट्याचं. आणि माझी पंचाईत बघा. इथं ते माझ्या हाताखाली. मी सांगायचं गाडी मागं घ्या, त्यांनी घ्यायची. आणि संध्याकाळी बहिणीकडे गेलो की ते घरचे जावई, पंख्याखालची खुर्ची त्यांची, पहिलं ताट त्यांचं, मी आपला मोरीपाशी पाय धुवत ‘चालू द्या, चालू द्या’ म्हणणार. एका दिवसात दोनदा माणूस बदलायचा, दमायला होतं. माणूस सोन्यासारखा आहे हो. बोलत नाही, एवढंच. बहिणीनं लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मला विचारलं होतं, दादा, हे मुके तर नाहीत ना, तू नीट चौकशी केली होतीस ना? पण या गाडीशी बोलतात. मी ऐकलंय. चाकं धुताना पुटपुटत असतात, बहिणीला म्हटलं तर म्हणाली, म्हणजे येतं त्यांना बोलता. आता तुम्ही जर लिहिलंत की गाडी वेगात घेतली म्हणून होज अडकला, तर त्यांना गाडीवरून उतरवून भांडारात बसवतील, बादल्या मोजत. ते वाईटच होईल. फार वाईट होईल. पण जे झालं ते झालं, आपण तरी काय करणार — गाडी जरा जोरात गेली, झटका बसला, जोड अडकला. मी असं म्हणत नाही. असं म्हणता येईल, एवढंच म्हणतो.

त्या दिवसाचं सांगू? साडेतीन वाजले होते दुपारचे. घंटा झाली, चौथ्या मिनिटाला आम्ही दुकानापाशी. दुकानदार रस्त्यावर, एका पायात चप्पल, आणि काखेत काय तर उशी. एवढं दुकान जळतंय आणि हा बाबा एक उशी वाचवून उभा. मी कोपऱ्यावरच्या खांबापाशी उतरलो, टोक ओढून घेतलं, खांबाभोवती एक वेढा दिला, हात वर केला — चला. दाजी निघाले. पहिला तुकडा पडला, धप धप. दुसरा पडला. आणि तिसऱ्याला — खट्ट. होज ताठ. वेढा सुटला आणि मी टोकासकट रस्त्यावर बसलो, बसलो म्हणजे हातभर फरपटत गेलो, अख्ख्या गल्लीदेखत. हसा, हसा, सगळे हसले, आग लागलेली असूनही हसले. दाजींनी गाडी थांबवली, उतरले, वर चढले, कप्प्याच्या पुढच्या कोपऱ्यात जोड आडवा रुतून बसला होता, त्याला लाथ घातली, मोकळा केला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, ‘निघाला.’ एवढंच. मग पाणी आलं, आग विझली, वरच्या मजल्यापर्यंत गेलीसुद्धा नाही. दीड मिनिट. दीड मिनिटात काय होतं? काही होत नाही. म्हणजे दुकानदार तेवढ्यात बादली घेऊन आत गेला. कुणी सांगितलं होतं त्याला? उशी माझ्याकडे देऊन गेला. हात भाजला त्याचा. थोडासाच. थोडासा म्हणजे — मनगटापर्यंत पट्टी आहे. मी जाऊन आलो परवा. नाही, चौकशीसाठी नाही, सहज.

थांबा, थांबा, ओढू नका, जोड आला. हे बघून ठेवा, कारण हे मुख्य कार्यालयात कुणाला ठाऊक नसतं. घडी घालत घालत जोड कुठं येईल ते आपल्या हातात नसतं. कधी तो अशा जागी येतो की बाहेर निघताना त्याला उलटं वळावं लागतं, आणि पितळ काही कापडासारखं वळत नाही, ते अडतं. म्हणून काय करायचं, तर तिथं पूर्ण घडी घालायचीच नाही. आखूड घालायची. ही अशी, हातभर, मध्येच परत फिरवायची — आता जोडाचं तोंड सरळ बाहेरच्या बाजूला. ओढला की सुळकन बाहेर. आखूड घडी म्हणतो आम्ही तिला. पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी शिकवणार असतो तर पहिल्या दिवशी शिकवली असती. दिसायला वाईट दिसते, मान्य, सगळं सपाट असताना मध्येच उंचवटा येतो, आणि नेमका तिसऱ्या जोडाचा उंचवटा कप्प्याच्या बरोबर मध्यावर येतो, पाठीला असा लागतो की —

पाठीला म्हणजे गाडीच्या पाठीला. ही गाडीची पाठच ना? बरं, असं बघू नका माझ्याकडे. चोवीस तासांची ड्यूटी असते, मॅडम. विश्रांतीच्या खोलीतला पंखा किर्रकिर्र करतो, स्वयंपाकी तिथंच रेडिओ लावून बसतो, आणि डॉक्टरांनी मला गादी बंद केली आहे, कडक बिछान्यावर पाठ टाका म्हणाले. आता या शेडमध्ये दुपारी इतका गारवा असतो, आणि नीट भरलेल्या होजसारखं दुसरं काही नाही, कडक म्हणाल तर कडक, मऊ म्हणाल तर मऊ. जेवणानंतर वीस मिनिटं. हेल्मेट तोंडावर घेतलं की झालं. कुणाला माहीत नाही हे. म्हणजे स्वयंपाक्याला माहीत आहे. कारकुनाला माहीत आहे, तो चहा इथंच आणून देतो. पण त्याचा आणि या चौकशीचा काय संबंध? झोपलो म्हणून काय होज बिघडतो? त्या दिवशी आखूड घडी होतीच. असणारच. सव्वीस वर्षांत मी कधी — तुम्ही लिहू नका हो प्रत्येक गोष्ट.

काय आहे ते? दाजींचा जबाब? त्यांनी जबाब दिला? तोंडानं? अच्छा, लिहून दिलाय. द्या बघू. चष्मा — हा काय डोक्यावरच आहे. ‘नळाच्या खांबापासून गाडी मी घाईने पुढे घेतली. त्यामुळे झटका बसून तिसरा जोड अडकला. होज व्यवस्थित भरलेला होता. चूक माझी आहे.’ सही. सहीखाली तारीख. अक्षर त्यांचंच आहे.

घाईनं घेतली म्हणे. मॅडम, हा माणूस खांबापासून निघाला की इतका हळू जातो की मागून पोरं पळत पुढं निघून जातात. मीच त्यांना ओरडतो, जरा पाय दाबा म्हणून. त्या दिवशीही हळूच गेले. मी टोक धरून उभा होतो, मला माहीत आहे. आणि ते वर चढले, जोड कोपऱ्यात कोंबलेला त्यांनी डोळ्यांनी बघितला, तो झटक्यानं तिथं जातच नाही, तिथं तो हातानंच ठेवावा लागतो. आठ दिवस झाले. आठ दिवसांत मी तीनदा बहिणीकडे जेवलो. समोरासमोर बसलो, यांनी मला वाढून दिलं, आणि मी मनात म्हणतोय, यांच्या लक्षात आलं नाही बरं का. मला इतकी लाज वाटते आहे आत्ता की मान वर करवत नाही.

सोमवारी भरला मी होज. एकट्यानं भरला, दाजींना म्हटलं तुम्ही चाकं धुवा. तिसरा जोड मध्यावर आला. आखूड घडी घालायला हात गेला होता माझा, खोटं नाही सांगत, गेला होता. मग म्हटलं, पुन्हा ते पितळ पाठीत टोचणार, आणि तसंही आठवड्यात कुठं मोठी आग लागते आपल्याकडे. पूर्ण घडी घातली आणि जोड हातानं सरकवून दिला पुढच्या कोपऱ्यात. छान सपाट झालं. झोपून बघितलं मी. फार छान झोप लागली. पहिल्यांदाच नव्हतं ते, मॅडम. पावसाळ्यापासून तसंच भरत होतो, कधी अडलं नाही म्हणून भरत होतो. आणि तो दुकानदार बादली घेऊन आत गेला ते माझ्या त्या सपाट बिछान्यापायी.

दाजींनी असं का लिहिलं असेल? माझी ती शिकवायची जागा जाऊ नये म्हणून. बहिणीकडे जेवताना त्याशिवाय दुसरं काही बोललोच नाही मी, वर्षभर, तिथं गेल्यावर असं शिकवीन, तसं शिकवीन. आणि त्यांना गाडीशिवाय आहे काय दुसरं?

उचला वही. धरतो मी हे. लिहा — नाही, तुमच्या भाषेत नको, मी सांगतो तसं. ‘तिसऱ्या जोडाला आखूड घडी घातली नव्हती. मुद्दाम घातली नव्हती. होज मी भरला. गाडी नेहमीच्या वेगात होती.’ झालं? आणि त्या फाईलवर माझं नाव आहे ना, त्याच्यावर रेघ मारा. कुणीतरी मिळेल. आखूड घडी न चुकता घालणारी माणसं आहेत पुष्कळ. इथं सही करू? पेन चालत नाही तुमचं. हां, चाललं. दाजींचा तो कागद माझ्याकडे राहू द्या. नाही देता येत? नका देऊ. बघितला ना मी, पुरे.

दाजी. ओ दाजी, वर या जरा. चाकं राहू द्यात. नाही, काही विचारलं नाही त्यांनी, आपल्या गप्पा चालल्या होत्या. हे सगळं खाली काढायचंय, पहिल्या तुकड्यापासून पुन्हा भरू. नाही, मी नाही वर थांबत, उतरतो खाली. घड्या तुम्ही घाला, मी खालून देतो. ते टोक माझ्याकडे द्या, मॅडम. निघा तुम्ही आता.