शिंगरू धरायचं कोणी

— नाय रे रितेश, माझं नाव नको. तुझ्या बापाचं एकट्याचं घाल कमानीवर. ‘देवराम-जयराम शर्यत मैदान’ — ऐकायला गोड आहे, लोकं टाळ्या वाजवतील, पण मला ते जमायचं नाय. माळ दोघांनी केला हे खरं — वैशाखरे गावाच्या अंगाला नुसत्या करवंदीच्या जाळ्या होत्या तिथं, त्या आमी दोघांनी तोडल्या, दगड वेचले, भात झोडून झालं की बैल जुंपून फळी फिरवली — कशासाठी? तर टांगे पळवायचे म्हणून. गाव हसायचं आम्हाला. मग मुरबाडपासून कसाऱ्यापर्यंतचे टांगे यायला लागले नि तेच गाव माळावर मावेना. तू जन्मला पण नव्हतास तेव्हा.

आता माझी चंद्री घोडी — ती काय चाबकाला भिऊन पळायची? नाय. शिंगरासाठी पळायची. तिचं शिंगरू निशाणापाशी धरून ठेवायचं, ते तिकडून खिंकाळलं की ही इकडून सुटायची, मी टांग्यात नुसता बसलेला. आणि शिंगरू धरायचं कोणी? तुझ्या बापानं. दुसऱ्याच्या हातात मी दिलंच नाय कधी — का देऊ, भाऊ मानलेला त्याला. मग कल्याणवाल्यांशी शर्यत लागली. अर्ध्या माळावर चंद्री थांबली. कान टवकारून इकडं बघते, तिकडं बघते — आवाजच नाय. त्यांचा टांगा बाजूनं निघून गेला, तरी ही उभीच. टांगा तिथंच सोडून शोधत गेलो मी. शिंगरू कुठं होतं, सांगू? मांडवामागं. तोंडाला पोतं बांधलेलं, नि दोरी तुझ्या बापाच्या हातात — या डोळ्यांनी बघितलं मी. पुढच्याच महिन्यात तुझी भावना आत्या कल्याणवाल्यांची सून झाली. अरे, बहिणीचं लग्न त्यावर अडलं होतं तर मला सांगायचं ना — मी हसत हरलो असतो. दगा कशाला केलास, जयराम?

हरल्याचं काय नाय रे. चंद्री परत टांग्याला लागली नाय, त्याचं पण एक वेळ राहू दे. पण मी संध्याकाळचा या ओट्यावर बसतो ते काय वारा खायला? आज येईल, उद्या येईल, ‘देवा, चुकलो’ एवढं बोलेल — तुझ्या काकूला भाकरी जास्तीची टाकायला लावायचो मी, कितीतरी वर्षं. एवढं बोलला तर अजून विसरेन सगळं — हे त्याला सांगू नको हं, उगाच माझ्या तोंडातून गेलं —

तिकडं काय बघतोस सारखा? ती कुंपणापाशी गाडी कोणाची? तुझीच? मग आत कोण — तो बसलाय? मघापासून? काच उघडी ठेवून? म्हणजे ऐकलं त्यानं सगळं. बरं झालं. मग उतरू दे की. थांब, तू हाक मारू नको, त्याचा तो उतरू दे.

काच वर घेतली त्यानं.

जा रितेश. गाडी काढ तिथून, म्हशी यायच्या आहेत माझ्या.