पत्र्यावर रेघ मारण्याआधी

—बसा हो, बसा. स्टुलाला शाई लागलीय, पण वाळलीय ती, बहुतेक. साक्षीदार उभा राहिला की मला फाशी द्यायला आल्यासारखं वाटतं. हो, मारतो ना रेघ. तेवढ्यासाठीच तर गॅलरीनं तुम्हाला सोफियाहून इथं प्लोवदिवला पाठवलंय. ठरलेले छापे काढून झाले, आता म्हाताऱ्यानं तुमच्या डोळ्यांदेखत तांब्याच्या पत्र्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची, म्हणजे मागाहून चोरून छापायला नको. रेघ नाही तर प्रदर्शन नाही. बरोबरच आहे, जगभर हीच रीत आहे. आजवर मी कितीतरी पत्रे असे मारलेत. आज कोरणी सापडत नाहीये, एवढंच. — हातातच आहे होय? बरं. ही जर्दाळूची दारू, रकिया, घ्या थोडी. नको? मग तुमच्या वाटची मीच घेतो.

प्रदर्शनाच्या पुस्तिकेत ते 'विश्वाच्या सीमारेषेचा शोध' वगैरे कुणी लिहिलंय? तुम्ही? छान आहे. मला काही सापडली नव्हती ती सीमारेषा, तुम्हाला सापडली, अभिनंदन. माझी चित्रं कशाचीच नसतात, बाई, हेच तर जन्मभर ओरडत आलो. त्या काळी पक्षाचे कमिटीवाले यायचे, विचारायचे, कॉम्रेड स्त्राहिल, यात कामगार कुठं आहेत? मी म्हणायचो, जेवायला गेलेत. मग रंगांचा कोटा बंद, बसा रंगांवाचून. आणि आमच्या टोळक्याचा नियम असा, की ज्याच्या चित्रात कुणाला एखादी वस्तू ओळखू येईल, त्यानं सगळ्यांना वाइन पाजायची. दिमोचं लाल वर्तुळ टोमॅटो ठरलं, बिचाऱ्याचा कोट गहाण पडला. मी एकदाही पाजली नाही — एवढा मी शुद्ध. इतका शुद्ध, की बायको एकदा जेवताना म्हणाली, माझं एकही चित्र काढलं नाहीस तू, तर मी तिला व्याख्यान दिलं. रेषा कुणाची नसते, नेवेना, रेषा म्हणजे रेषा. सूप निवत होतं आणि मी आपला बोलतोय. आता ती वार्नाला असते, एका निवृत्त डॉक्टरकडे. तो रविवारी बदकं रंगवतो. बदकासारखी दिसणारी बदकं. तिनं ती स्वयंपाकघरात लावलीयत — मला कसं ठाऊक? समोरच्या फुटपाथवरून दिसतात. वार्नाला कामं असतात माझी.

तर हा पत्रा. जुना आहे, तेव्हा एकच छापा काढला होता. तुमच्या गॅलरीला तोच आवडला, आणि मी हुरळलो, सगळे काढून देतो म्हणालो. या वयात मोठ्या प्रदर्शनाला नाही म्हणवत नाही हो. आता बघा, ती तुमची विश्वाची सीमा छाप्यात डावीकडून चढते, पत्र्यावर उजवीकडून. छापताना सगळं उलटं होतं ना. म्हणजे छापे झाडून सगळे उलटे, सुलटं काय ते एकट्या या पत्र्यावर. आणि नेवेना अशीच निजायची — डोकं खिडकीकडे, माझ्याकडे पाठ. हा खांदा, ही कंबर. शेजारी बसून श्वास रोखून कोरलंय मी. छाप्यात ती भलत्याच कुशीवर, दुसऱ्याच कुणाची बायको असल्यासारखी. दिमोला ओळखू आली नाही, कमिटीला नाही, तिलाही नाही. तिच्या डोळ्यांसमोर टांगलं होतं, बाई. तिनं विचारलंसुद्धा, हे काय आहे रे? मी म्हटलं, काही नाही.

रेघ कोपऱ्यात मारली तर नाही चालणार? नाहीच चालणार. मीच शिकवत आलोय पोरांना, मधोमध गेली पाहिजे म्हणून. मधोमध म्हणजे खांद्यातून.

का हो, वाकून काय बघताय एवढं? जन्मभर लोकांवर खेकसलो, नीट बघा, नीट बघा म्हणून. इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्याच. आता नका बघू. ते फडकं द्या इकडं, पत्रा झाकतो. — नाही, समजूत घालू नका माझी. गॅलरीला सांगा, म्हातारा फिरला, प्रदर्शन रद्द. छापे न्या, जाळा, काय हवं ते करा. तो लेख दुसऱ्या कुणाला वापरा, कुणालाही चालेल असा आहे. निघा आता. दार हळू लावा.